जुनी अणुभट्टी बंद करताना धूर कुणाच्या दारात?



गेल्या पावसाळ्यात बोईसरच्या एका कामगार वस्तीत आम्ही रक्तदाब आणि साखर तपासणीचे शिबिर घेतले. रांगेतल्या एका मावशींनी दंडावरचा पट्टा सोडता सोडता विचारले, "सिस्टर, तारापूरची जुनी भट्टी कायमची बंद केली तर आमच्या पोरांना बरं पडेल ना?" आमच्यातली एक लगेच "हो" म्हणाली. दुसरी गप्प राहिली. ती चंद्रपूरची. तिथल्या औष्णिक वीज केंद्राच्या जवळच तिचे माहेर आहे. शिबिर आटोपल्यावर चहा घेताना ती म्हणाली, "ताई, भट्टी बंद झाली म्हणून दिवे थोडेच बंद होणार आहेत? ती वीज कोळसा जाळूनच काढतील. मग माझ्या आईचा दमा कुणाच्या हिशेबात धरायचा?"

आम्ही पाच-सहा जणी. सगळ्यांनी नर्सिंगची पदविका घेतली, वर्षानुवर्षे रुग्णालयांत दिवसपाळ्या-रात्रपाळ्या केल्या आणि आता वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करतो. मोर्चात अणुभट्टीविरोधी घोषणा आम्हीही दिल्या आहेत. पण त्या दिवशी चहावर सुरू झालेला वाद आमच्यात कित्येक महिने चालला. त्यातून जे मत बनले ते या पानावर मांडत आहोत. थोडक्यात सांगायचे तर, जुनी भट्टी ठरलेल्या तारखेला बंद झालीच पाहिजे. पण तिच्या जागी कोणती वीज येणार, ती कुणाच्या उशाशी तयार होणार आणि भट्टी मोडण्याचे काम कोण करणार, हे सरकारने आधी लिहून दिले पाहिजे. नाहीतर एका वस्तीचे दुखणे उचलून दुसऱ्या वस्तीच्या छातीवर ठेवल्यासारखे होईल.

तारापूरला नेमके काय आहे?

पालघर जिल्ह्यात समुद्रकाठी तारापूर अणुऊर्जा केंद्राचे चार संच आहेत. त्यांतले पहिले दोन अमेरिकन कंपन्यांनी बांधून दिले आणि १९६९ च्या ऑक्टोबरपासून त्यांची वीज मिळू लागली. भारतातली ही पहिली अणुवीज. ती महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांना जाते. सुरुवातीला प्रत्येक संच २१० मेगावॉटचा होता, पुढे क्षमता उतरवून १६० केली. म्हणजे दोन्ही मिळून ३२० मेगावॉट. तिसरा आणि चौथा संच बराच नंतरचा, २००५-०६ चा, वेगळ्या जातीचा आणि प्रत्येकी ५४० मेगावॉटचा. आमचे म्हणणे पहिल्या दोन संचांविषयी आहे. त्या काळातल्या भट्ट्या आता जगभरात बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत.

२०२० साली हे दोन्ही संच थांबवून मोठी दुरुस्ती हाती घेण्यात आली. भट्टीत पाणी फिरवणारे मोठे नळ बदलायचे आणि संचांचे आयुष्य आणखी वाढवायचे, असा सरकारी मार्ग आहे. आता नळ बदलता येतात, झडपा बदलता येतात, वायरी बदलता येतात. पण ज्या पोलादी पात्रात इंधन असते ते पात्र बदलता येत नाही. वर्षानुवर्षे किरणांचा मारा खाऊन पोलाद ठिसूळ होत जाते. आमच्या भाषेत सांगायचे तर बायपास केला म्हणून सत्तरीच्या माणसाचे हृदय विशीचे होत नाही. बायपासने दिवस वाढतात, पण कधीतरी थांबावे लागणार हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही माहीत असते. इथे मात्र थांबायची तारीख जनतेला कुणी सांगत नाही.

भीती कशाची धरावी, कशाची नाही

आरोग्याचे पान आहे म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. वस्तीतला प्रत्येक कर्करोग, प्रत्येक गर्भपात भट्टीच्या नावावर टाकणे बरोबर नाही. किरणोत्साराचा डोस मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. निसर्गातूनच, म्हणजे माती, हवा, अन्न आणि आकाशातून, माणसाला जगात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. छातीच्या एका साध्या एक्स-रेला ०.१ च्या आत. अणुकेंद्रामुळे शेजारच्या जनतेला वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त डोस मिळू नये, असा नियम आहे. नियामक मंडळाच्या अहवालांत प्रत्यक्ष डोस त्याच्या बराच खाली दाखवलेला असतो. बोईसरच्या हवेत आणि नाल्यात औद्योगिक वसाहतीतली रसायनेही आहेत. ती वसाहत देशातल्या अतिप्रदूषित पट्ट्यांत मोजली जाते. तेव्हा खोकल्याचे आणि त्वचारोगाचे कारण आधी तिथे शोधावे.

मग जुन्या भट्टीची भीती कशाची? रोजच्या दिवसाची नव्हे, एखाद्या दिवसाची. २०११ साली जपानमध्ये फुकुशिमाला जे झाले ते अशाच, उकळत्या पाण्याच्या जातीच्या भट्ट्यांमध्ये. तिथला पहिला संच १९७१ चा, म्हणजे तारापूरपेक्षा धाकटा. दीड लाखांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. आम्हा नर्सना त्यातली एक गोष्ट विसरता येत नाही. भट्टीपासून चार-पाच किलोमीटरवर एक रुग्णालय होते. तिथले खाटेला खिळलेले रुग्ण आणि शेजारच्या वृद्धाश्रमातली म्हातारी माणसे घाईघाईत बसमध्ये घातली. सलाईन नाही, ऑक्सिजन नाही, सोबत पुरेसे कर्मचारी नाहीत. त्यांतले चाळीसहून अधिक जण दगावले. त्यांना किरणांनी मारले नाही, हलवण्याने मारले.

आता पालघरचा विचार करा. अणुकेंद्राभोवती १६ किलोमीटरचा आपत्कालीन पट्टा धरतात. त्या पट्ट्यात बोईसर आहे, रासायनिक कारखाने आहेत, चाळी आहेत, मच्छीमारांची गावे आणि आदिवासी पाडे आहेत. तिथल्या प्रसूतीच्या खोलीतल्या बाईला, डायलिसिसवरच्या माणसाला कोण, कशातून, कुठे नेणार? हा प्रश्न जिथे जिथे विचारला तिथे "कागदावर योजना आहे" एवढेच उत्तर आम्हाला मिळाले. भट्टी जितकी जुनी तितका हा प्रश्न तातडीचा. म्हणून बंद करण्याची मागणी रास्त आहे, यावर आमच्यात दुमत उरले नाही.

दिवे गेले नाहीत, कारण कोळसा जास्त जळला

पण चंद्रपूरच्या आमच्या बहिणीचा प्रश्न तसाच राहतो. २०२० मध्ये दोन्ही संच थांबले तेव्हा महाराष्ट्र अंधारात बुडाला नाही. आपल्यापैकी कुणाला कळलेही नाही. याचा अर्थ ती वीज नकोच होती असा नाही. देशातली जवळपास तीन चतुर्थांश वीज कोळशाची आहे. एकीकडची वीज कमी झाली की दुसरीकडे बहुतेक वेळा कोळसाच जास्त जळतो. तो आपल्याला दिसत नाही एवढेच.

हिशेब करून पाहू. ३२० मेगावॉटचे संच वर्षातला तीन चतुर्थांश वेळ चालले तर सुमारे २१० कोटी युनिट वीज मिळते. एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरला तरी वर्षाला १४-१५ लाख टन कोळसा झाला. आपल्याकडचा कोळसा राखेने भरलेला. त्यात ३५ टक्के राख धरली तर ५ लाख टन राख. दहा टनी ट्रकने वाहायची म्हटली तर वर्षाला ५०,००० ट्रक, म्हणजे रोज सुमारे १४०. त्याशिवाय हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड वीस लाख टनांच्या घरात.

ही राख आणि हा धूर कुणाच्या दारात जाणार? धम्मदीक्षेच्या वर्धापनदिनी ऑक्टोबरात नागपूरहून पुढे चंद्रपूरच्या दीक्षाभूमीला जाणाऱ्यांनी तिथल्या चिमण्या पाहिल्या आहेत. २,९२० मेगावॉटचे ते केंद्र. नागपूरजवळ कोराडी आणि खापरखेडा. २०२२ च्या जुलैत कोराडीच्या खसाळा राख-तलावाचा बांध फुटला आणि राखेचा चिखल शेतांत आणि नाल्यांत शिरला. या केंद्रांभोवतीच्या वस्त्यांत आपलीच माणसे राहतात. कोळसा उतरवणारी, राख भरणारी, झाडू मारणारी.

कोळशाच्या धुरात अतिसूक्ष्म कण असतात, गंधकाचा आणि नत्राचा वायू असतो, पारा असतो. अतिसूक्ष्म कण इतके बारीक की नाकातले केस, घशातला कफ त्यांना अडवत नाहीत. ते फुफ्फुसाच्या तळापर्यंत आणि तिथून रक्तात जातात. दमा, जुनाट श्वासरोग, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात हे त्यातून वाढतात. गर्भातल्या बाळाचे वजन कमी भरते. अणुभट्टीच्या अपघाताची बातमी होते. औष्णिक केंद्राजवळच्या म्हाताऱ्या बाईच्या मृत्यूची होत नाही, कारण दाखल्यावर "वार्धक्य" किंवा "श्वसनाचा विकार" लिहिलेले असते. दर युनिट विजेमागे होणारे मृत्यू मोजले, त्यात चेर्नोबिल आणि फुकुशिमाही धरले, तरी कोळशाचे मृत्यू अणुविजेच्या शेकडो पटींनी जास्त भरतात. हे आम्हाला पचवायला जड गेले. पण आकडा आपल्या घोषणेच्या विरुद्ध आहे म्हणून झाकून ठेवायचा नसतो.

इतरांनी बंद केल्या, तेव्हा काय झाले?

अमेरिकेत न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला हडसन नदीकाठी इंडियन पॉइंट नावाचे अणुकेंद्र होते. शहराची आणि आसपासची जवळपास चौथाई वीज तिथून येई. एवढ्या मोठ्या शहराजवळ जुनी भट्टी नको, हे लोकांचे म्हणणे. थंड करण्यासाठी नदीचे पाणी ओढताना मासे आणि माशांची अंडी मरत, हेही खरे. शेवटी एक संच ३० एप्रिल २०२० ला आणि उरलेला ३० एप्रिल २०२१ ला बंद झाला. बदली वीज स्वच्छ असेल असे सांगितले होते. पण कॅनडातून जलविद्युत आणणारी मोठी वाहिनी तोवर तयार नव्हती, समुद्रातले पवनचक्क्यांचे प्रकल्प तयार नव्हते. ती जागा मुख्यतः नैसर्गिक वायू जाळणाऱ्या केंद्रांनी भरली. नदीवरचा भार हलका झाला, हवेवरचा वाढला.

जर्मनीने फुकुशिमानंतर लगेच आठ भट्ट्या थांबवल्या आणि १५ एप्रिल २०२३ ला शेवटच्या तीन बंद केल्या. अमेरिकेतल्या तीन अर्थतज्ज्ञांनी पहिल्या काही वर्षांचा हिशेब मांडला. अणुविजेच्या जागी जो जास्तीचा कोळसा जळला त्याच्या प्रदूषणाने वर्षाला सुमारे १,१०० जास्तीचे मृत्यू झाले, असा त्यांचा अंदाज आहे. जर्मनीने पुढे पवन आणि सौर वीज झपाट्याने वाढवली आणि कोळसाही कमी केला. पण मधल्या वर्षांतली माणसे परत आली नाहीत.

या दोन्ही देशांतून आम्ही घेतलेला धडा एवढाच की बंद करणे चूक नव्हते, बदली तयार नसताना बंद करणे चूक होते. रुग्णालयात ड्युटी संपली म्हणून नर्स वॉर्ड सोडून जात नाही. पुढची नर्स येते, तिला रुग्ण एकेक करून समजावून दिला जातो, मगच पहिली घरी जाते. भट्टीचेही तसेच हवे.

सूर्याची वीज चांगली, पण कुणाच्या जमिनीवर?

"कोळसा नको, सौर घ्या" असे म्हणणे सोपे आहे आणि आम्हीही तेच म्हणतो. पण २१० कोटी युनिट सूर्याकडून घ्यायचे तर साधारण ११०० ते १२०० मेगावॉटची सौर केंद्रे लागतील, आणि मेगावॉटला चार-पाच एकर धरले तर सुमारे ५,००० एकर जमीन. ही जमीन कुठून येणार? सरकारी योजनांत सौर प्रकल्पांसाठी गायरान जमिनी देण्याचे धोरण आहे. गायरान म्हटले की मराठवाड्यातल्या आपल्या वाचकांच्या पोटात कालवते. पिढ्यानपिढ्या भूमिहीन माणसे गायरान कसत आली आहेत. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९६४-६५ मध्ये देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला तो याच जमिनीच्या तुकड्यासाठी. स्वच्छ विजेसाठी त्याच माणसाला तिथून उठवले तर हवेचे प्रदूषण थांबेल, अन्याय थांबणार नाही.

त्याला दुसरा मार्ग आहे. एका घराच्या छपरावर एक किलोवॅटचे पॅनेल बसवले तर वर्षाला १,४००-१,५०० युनिट मिळतात. १४-१५ लाख छपरे म्हणजे तारापूरचे दोन जुने संच. शाळा, दवाखाने, विहारे, सरकारी कचेऱ्या, कारखान्यांची पत्र्याची छपरे यांपासून सुरुवात करता येईल. रात्रीच्या विजेसाठी साठवणुकीची सोय लागेल, त्याचा खर्च आहे, हे मान्य. पण राज्याची विजेची सर्वोच्च मागणी ३०,००० मेगावॉटच्या आसपास आहे. त्यात ३२० म्हणजे जेमतेम एक टक्का. एवढी बदली काही वर्षांत उभी करता येत नाही, असे कुणी सांगितले तर आम्ही विश्वास ठेवणार नाही.

आणि जोवर कोळसा जळतो आहे तोवर त्याचा धूर तरी धुवा. पालघर जिल्ह्यातच डहाणूला ५०० मेगावॉटचे कोळशाचे केंद्र आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. त्या प्राधिकरणाने पाठपुरावा सोडला नाही आणि २००७ मध्ये तिथे धुरातला गंधक धुणारे यंत्र, ज्याला एफजीडी म्हणतात, ते बसले. म्हणजे यंत्र आहे, ते बसवता येते, फक्त मागे लागणारे कुणीतरी हवे. देशभरच्या केंद्रांना हे यंत्र बसवायला लावणारे निकष २०१५ मध्ये आले. मुदतीवर मुदत वाढत गेली आणि २०२५ च्या जुलैत बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. डहाणूच्या चिकूच्या बागांना जे मिळाले ते चंद्रपूरच्या लेकरांना का मिळू नये?

भट्टी मोडणाऱ्याच्या खिशाला बॅज असेल का?

आता शेवटचा, आणि आमच्या मते सगळ्यात कमी बोलला जाणारा प्रश्न. भट्टी बंद करणे म्हणजे कळ दाबून कुलूप लावणे नव्हे. आधी इंधन काढून पाण्यात थंड करावे लागते. मग नळ, भिंती, टाक्या पुसायच्या, कापायच्या, बांधायच्या, पुरायच्या. हे काम वर्षे, कधी दशके चालते. राजस्थानात रावतभाट्याचा पहिला संच २००४ पासून थांबला आहे. चालत नाही आणि मोडूनही झालेला नाही. भट्टी मोडायच्या खर्चासाठी अणुविजेच्या प्रत्येक युनिटमागे २ पैसे बाजूला काढले जातात. ते पैसे किती जमले, किती पुरतील, याची चर्चा गावात कुणी करत नाही.

आणि पुसणारे, कापणारे, भरणारे हात कुणाचे? कंत्राटी कामगाराचे. आम्ही हे ठामपणे बोलतो, कारण छोट्या प्रमाणात ते पाहिले आहे. आमच्यातल्या दोघी एका रुग्णालयात होत्या. तिथल्या एक्स-रे विभागात तंत्रज्ञाच्या खिशाला डोस मोजणारा बॅज असे. पण धडपडणाऱ्या लेकराला किंवा कण्हणाऱ्या म्हाताऱ्याला धरून आत उभी राहायची ती आयाबाई. तिला बॅज नव्हता. शिशाचा एप्रन एकच, तो बहुतेक वेळा दुसऱ्याच्या अंगावर. ती दिवसातून किती वेळा आत गेली याची नोंद कुठल्याच रजिस्टरला नव्हती. आम्ही नर्स असून तेव्हा विचारले नाही, हे आज कबूल करतो.

ज्याची नोंद आहे त्याचे दुखणे सापडते. २००९ च्या नोव्हेंबरात कर्नाटकात कैगाच्या अणुकेंद्रात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियम असलेले जड पाणी मिसळले गेले. पन्नासहून अधिक कामगारांच्या शरीरात ते गेले. कळले कसे? नेहमीची लघवी तपासणी होत होती म्हणून. आणि ज्याची नोंद नाही त्याचे काय होते तेही पाहा. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठाचे एक जुने, वापरात नसलेले किरणोत्सारी यंत्र भंगारात विकले गेले. आत कोबाल्ट होते. भंगार फोडणाऱ्यांना ते माहीत नव्हते. कित्येक जण भाजले, एक जण दगावला. जुन्या यंत्राचा शेवट जिथे होतो तिथे समाजातला शेवटचा माणूस उभा असतो. तारापूरच्या जुन्या लोखंडाबाबत हे होता कामा नये.

आमच्या मागण्या

१. पहिल्या दोन संचांची शेवटची तारीख जाहीर करा. दुरुस्तीने आयुष्य किती वाढवले, कोणत्या तपासण्यांच्या आधारावर वाढवले, हे मराठीत छापून ग्रामपंचायतींना द्या. तपासणीत धोका दिसला तर तारखेची वाट न पाहता थांबवा.

२. बदली वीज कोणती, हे तारखेसोबतच लिहून द्या. त्यासाठी कोळशाचा नवा संच नको. सध्याच्या कोळसा केंद्रांना धूर धुण्यातून दिलेली सूट मागे घ्या.

३. सौर प्रकल्पासाठी कसणाऱ्याला गायरानावरून उठवू नका. आधी सरकारी आणि औद्योगिक छपरे भरा.

४. भट्टीच्या दुरुस्तीत आणि मोडणीत काम करणाऱ्या प्रत्येक कंत्राटी कामगाराला बॅज, स्वतःजवळ ठेवायची डोस-नोंदवही आणि काम सुटल्यानंतरही मोफत वार्षिक तपासणी द्या.

५. तारापूर आणि चंद्रपूर, दोन्हीकडे स्वतंत्र डॉक्टरांकडून घरोघर आरोग्य पाहणी करा आणि निष्कर्ष लोकांसमोर वाचून दाखवा.

६. १६ किलोमीटरच्या पट्ट्यातल्या प्रत्येक दवाखान्याने रुग्ण हलवण्याचा सराव वर्षातून एकदा करावा.

घरातले कुणी अशा कामावर असेल तर

बॅजचा क्रमांक आणि ठेकेदाराचे नाव घरी लिहून ठेवा. बॅज दुसऱ्याला वापरायला देऊ नका, काम मिळावे म्हणून काढूनही ठेवू नका. अणुकेंद्रातल्या कामगाराला पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त डोस मिळू नये, असा नियम आहे. स्वतःचा आकडा विचारणे हा तुमचा हक्क आहे. डॉक्टरकडे गेलात तर आपण कुठे काम केले ते आवर्जून सांगा. आयोडीनच्या गोळ्या आरोग्य खात्याने सांगितल्याशिवाय घेऊ नका. त्या फक्त गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला आणि फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवतात. राखेच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे, आणि लहान मुलाचा खोकला तीन आठवड्यांवर गेला तर "हवामानाचा आहे" म्हणून घरी बसू नये.

वाचकहो, १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री होते. वीज आणि पाटबंधारे हे विषयही त्यांच्याकडेच होते. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ उभे राहिले ते त्यांच्या खात्यात. त्याच काळात धनबादच्या कोळसा खाणीत ते स्वतः खाली उतरले, आत मजूर कसे राबतात ते पाहिले. विजेची योजना आणि खाणीतला मजूर हे दोन्ही विषय त्यांच्या एकाच टेबलावर होते. आज ते दोन टेबलांवर गेले आहेत. एकावर मेगावॉट, दुसऱ्यावर माणूस.

बोईसरच्या त्या मावशींना आम्ही अजून नीट उत्तर दिलेले नाही. पुढच्या शिबिराला जाऊ तेव्हा सांगू: मावशी, भट्टी बंद व्हायलाच हवी. पण ती बंद झाल्यावर चंद्रपूरच्या कुणा आजीला जास्त धाप लागणार नाही, बीडच्या कुणाचे गायरान जाणार नाही आणि भट्टी पुसायला आत गेलेला तुमचा मुलगा बॅजशिवाय जाणार नाही, हे आपण सगळ्यांनी मिळून मागून घ्यायचे आहे. त्या मागणीच्या कागदावर चंद्रपूरची आमची बहीण पहिली सही करणार आहे. दुसरी तुमची हवी.

जयभीम.